गुलाबपाण्यातली आगगाडी

गुलाबपाण्याचा वास आला की मला आगगाडी दिसते. लग्नाच्या मांडवात कुणी गुलाबदाणी झटकली की बाकीचे पाहुणे हात पुढे करतात, आणि मी क्षणभर डोळे मिटतो. बर्फातून एक काळी गाडी येते. तिचा आवाज होत नाही. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक बाई कुणाला तरी हात हलवत असते. मग बायको मला कोपरानं ढोसते आणि म्हणते, "आलं का तुमचं उस्मानाबाद?" तिला यातलं अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं सांगायचं धाडस मला पन्नाशी गाठेपर्यंत झालं नाही.

त्या गाडीला गुलाबपाण्याचा वास यायचा, त्याचं कारण साधं होतं. ज्यांच्या माळवदावर बसून आम्ही ती पाहायचो ते गृहस्थ चित्र सुरू करण्याआधी पडदा ओला करत. ओल्या कापडावर चित्र उजळ उमटतं, हे ते नोकरीत शिकले होते. तांब्याभर साधं पाणी मारलं असतं तरी चाललं असतं. पण दर गुरुवारी ते गुलाबदाणी घेऊन चादरीसमोर उभे राहत आणि व्याह्यांवर शिंपडावं तसं अदबीनं तिच्यावर शिंपडत. "पडदा भी मेहमान है," म्हणत.

गावात त्यांना पडदेवाले म्हणत. आम्ही गुरुवारचे लोक चाचा म्हणायचो. निजामाच्या अमलात ते एका खात्यात होते. बैलगाडीतून यंत्र न्यायचं, चावडीपुढे चादर बांधायची आणि खेड्यातल्या लोकांना माहितीची चित्रं दाखवायची, एवढंच काम. संस्थान विलीन झालं, खातं मोडलं, कचेरीतलं भंगार लिलावात निघालं, तेव्हा ते यंत्र आणि चार रिळं त्यांनी घरी आणली. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते साठीला आलेले होते. उंच, सडपातळ, भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. त्या बटणांत मधलंच एक पांढरं होतं. बदलत का नाही म्हणून विचारलं तर सांगायचे, "उससे पता चलता, सीधी पहनी के उलटी."

राज्य बदलल्यावर त्यांच्या नात्यागोत्यातली बरीच माणसं हैदराबादकडं निघून गेली, काही त्याच्याही पलीकडं. चाचा राहिले. दर्ग्याच्या बाजूच्या त्यांच्या गल्लीत चार घरांना तेव्हापासून कुलपं होती. मला वाटतं, गुरुवार सुरू झाला तो त्या कुलपांमुळं. पण हे मला आता वाटतं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि कुलपं मला दिसतही नव्हती.

मी मूळचा तेरजवळच्या एका खेड्यातला. उस्मानाबादला कारकून म्हणून लागलो, तो नेमका दारूबंदीच्या कचेरीत. आमच्या भागात दारूबंदी येऊन थोडेच दिवस झाले होते. परमिटांचे अर्ज नोंदवायचे आणि धाडींचे पंचनामे लिहायचे, हे माझं काम. अक्षर चांगलं होतं. चाचांच्या मागच्या गल्लीत मी खोली घेतली होती आणि एका संध्याकाळी खिडकीतून मला ती गाडी पहिल्यांदा दिसली. चादर मधे होती आणि मी मागच्या बाजूला, त्यामुळं सगळं डावं-उजवं झालेलं. तीन गुरुवार मी असाच खिडकीच्या गजांना धरून बघत राहिलो. चौथ्या गुरुवारी चादरीची कड वर झाली आणि खालून एक डोकं बाहेर आलं.

"मुन्शीजी, पीछे से कायकू देखते? सामने आओ."

मी जिना चढून वर गेलो तर ते दारातच उभे. दोन्ही हातांत माझा हात घेऊन त्यांनी विचारलं, "रस्ता ठीक होता ना?" मी दहा पावलांवरून आलो होतो. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत, समोरच्या घरातून येणाऱ्या वकीलसाहेबांनासुद्धा. आणि वकीलसाहेब दर वेळी कपाळावरचा घाम पुसत उत्तर देत, "होता ठीक. थोडी गर्दी होती, मियाँ."

माझ्याखेरीज पाहुणे तिघंच. वकीलसाहेब चाचांच्या वयाचे, कोर्टात समोरच्या साक्षीदाराला रडवणारे म्हणून प्रसिद्ध. दुसरे तुळजापूरचे पुजारीबुवा. आणि तिसरा नळदुर्गचा मिस्त्री. तिथं हमरस्त्यावर मालमोटारी दुरुस्त करायचा. चाचांचं यंत्र हातानं फिरवायचं होतं, पण आतल्या दिव्याला बॅटरी लागायची. ती मिस्त्री दर गुरुवारी भरून आणायचा. मालमोटारीत बॅटरी मांडीवर घेऊन बसायचा, वाटेत तुळजापूरला पुजारीबुवांना उचलायचा आणि दिवस मावळायच्या आत दोघं हजर. मिस्त्रीची जीभ अडायची. "बॅटरी" म्हणताना तो "ब"वर इतका वेळ उभा राहायचा की ऐकणाऱ्यालाच घाम फुटायचा. म्हणून तो बहुतेक हातवारेच करायचा.

मगरिबची नमाज पढून चाचा वर येत, गुलाबपाणी शिंपडून होई आणि मग ते आमच्याकडं तोंड करून सांगत, "आज नवीन चित्र है."

"कुठलं?" आम्ही विचारायचं.

"आगगाडीचं."

"वा!" आम्ही म्हणायचं.

चारच रिळं होती. एकात कळीचं फूल व्हायचं. एक माश्यांपासून होणाऱ्या रोगराईचं होतं. ते लागलं की पुजारीबुवा आपल्या गिलासावर उपरण्याचं टोक झाकत. एकात कुठल्याशा थंड देशातला माणूस फळीवरून तळ्यात सूर मारायचा. आणि चौथं ते आगगाडीचं. ते कसल्या तरी गोष्टीच्या मधलं रीळ होतं. आधीचं नव्हतं, पुढचं नव्हतं. बाई कुणाला हात हलवते, कुठं चालली, परत येते की नाही, हे ठाऊक असणारा माणूस उस्मानाबादेत नव्हता. चादरीला एका जागी रफू केलेला होता आणि तो नेमका बाईच्या गालावर यायचा. पुजारीबुवांचं म्हणणं, तो तीळच आहे. एकदा चादर धुऊन उलटी बांधली गेली. तीळ दुसऱ्या गालावर गेला. पुजारीबुवा इतके अस्वस्थ झाले की चित्र थांबवून चादर फिरवून बांधावी लागली.

आता जे सांगायचं ते गिलासांचं. तांब्याच्या परातीत पाच गिलास, मागं लांब मानेच्या सहा-सात बाटल्या, एकीलाही चिठ्ठी नाही. चाचा तरुणपणी साहेबांच्या एका क्लबात यंत्र घेऊन जायचे. तिथला माणूस पेयं कशी मिसळतो ते त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. "साहेब लोक पीते, मैं देखता. देख देख के सीखा." ते 'काकटेल' म्हणत. बाटली खांद्याच्या उंचीवरून कलती करून बारीक धार धरायची, गिलास हलू द्यायचा नाही, आणि मधेच गोटी सोड्याची गोटी अंगठ्यानं दाबायची. फस्स झालं की वकीलसाहेब डोळे मिटून "हां" म्हणत.

प्रत्येक मिश्रणाला नाव होतं. लाल आणि हिरवी अशा दोन धारा एकदम सोडत, त्याचं नाव नळदुर्ग. तिथल्या किल्ल्यातल्या दोन धबधब्यांवरून. मातकट रंगाचं, चाखलं की आधी तुरट आणि मग कानापर्यंत ऊन चढत जाणारं, ते तेर. "दो हजार साल पुराना," असं सांगून माझ्या हातात देत. कुंकवासारख्या लाल गिलासाला त्यांनी तुळजापूर म्हटलं तेव्हा पुजारीबुवांनी हात जोडले.

"चाचा, असल्याला आईच्या गावाचं नाव नगा लावू."

"गलती झाली, बुवा. मग याचं नाव यात्रेकरू."

"हे चालंल," बुवा म्हणाले आणि दोन यात्रेकरू प्यायले.

आत काय आहे, कुठून येतं, हे विचारायची सोय नव्हती. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कचेरीची सवय. चाचांनी बोट ओठांवर ठेवलं. "पूछो नको, मुन्शीजी. पूछे तो उतर जाती."

मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की हैदराबादहून येत असणार. सगळ्यांनीच ते ठरवलेलं होतं. गावानंही. "नमाजबी पढतो आन् पाजतोबी," असं चौकात उघड बोललं जायचं. मशिदीतल्या दोघा बुजुर्गांनी त्यांचा सलाम घेणं सोडलं होतं. चाचा तरीही त्यांना रोज सलाम करत आणि उत्तर आल्यासारखी मान लववून पुढं जात.

दुसरा गिलास संपता संपता माळवदावर एक वेगळीच हवा पसरायची. यंत्राची करकर, गुलाबाचा वास, वर चांदण्या, आणि चादरीवर बर्फ. वकीलसाहेब रडू लागत. बांधाच्या भांडणावरून त्यांचा सख्खा भाऊ वीस वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. गाडी हलली की ते पडद्याकडं बघून म्हणत, "अरे, उतर की खाली. झालं गेलं." पुजारीबुवा खिडकीतल्या बाईला दिवसभराची हकिकत सांगत, यात्रेकरू किती आले, कोण भांडलं, कुणाचं लेकरू हरवलं आणि सापडलं. आणि मिस्त्री बोलायचा! काठोकाठ भरलेला हौद फुटावा तसा, एकही अक्षर न अडता.

"ही आपली येडशीची छोटी गाडी असती ना वकीलसायेब, तर ह्या बाईनं खाली उतरून, हुरडा खाऊन, पुढलं टेसन गाडीच्या आदी गाठलं असतं! इंजन बगा, इंजन. लई ताकतीचं हाय, पर डायवर येडा हाय. बाई हात करतीय आन् ह्यो थांबंना!"

आम्ही हसायचो. मी तर पोट धरून हसायचो. वडील गेल्यापासून मी तसा हसलो नव्हतो, आणि दिवसा कधी हसलोही नाही.

उठायच्या आधी चाचा सूर मारणाऱ्या माणसाचं रीळ उलटं फिरवत. तळ्यातलं पाणी फुटायचं, त्यातून आधी दोन पाय वर यायचे, मग तो अख्खा माणूस हवेतून मागं मागं जाऊन फळीवर उभा राहायचा. अंगावर पाण्याचा थेंब नाही. चाचा हात थांबवत. तो माणूस फळीच्या टोकाशी, खाली बघत, क्षणभर तसाच उभा.

"भीगके घर नको जाओ," चाचा म्हणत. "सूखे जाओ."

दीड वर्ष मी गुरुवारी प्यायलो आणि शुक्रवारी सकाळी पंचनामे लिहिले.

एका पावसाळ्याच्या शेवटी आमच्या लोकांनी गावाबाहेरच्या वस्तीतला एक मजूर हातभट्टीसकट धरून आणला. पंचनामा माझ्या अक्षरातला. त्याची बायको कचेरीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसली. आली तशी तीन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बाहेर पडलो तेव्हा ती उठून आडवी आली.

"बाबा, तुमी कदी थेंबबी घेतला न्हाय का?"

मी बाजूनं जायला लागलो.

"आईची आन घेऊन सांगा. घेतला नसंल तर माज्या माणसाला फाशी द्या, म्या काय बी बोलणार न्हाय."

मला आन घेता आली नाही. जेवताही आलं नाही. दोन दिवस मी स्वतःच्याच तोंडाचा वास घेत होतो. बुधवारी इन्स्पेक्टर साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो. ते देशावरून नव्यानं बदलून आलेले, सभ्य, सरळ मार्गाचे गृहस्थ होते.

"रजा हवी का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही साहेब. मला एक सांगायचंय. मी दारू पितो."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कुठं?"

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी त्या टेबलाशी गेलो तो फक्त माझ्याबद्दल सांगायला. मला शिक्षा हवी होती. नोकरी गेली असती तर मला बरं वाटलं असतं. पण साहेब "कुठं" म्हणून विचारतील, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आणि खरं बोलायला निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेवर थांबता येत नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. मी घर सांगितलं. वारही सांगितला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. चाचांनी गुलाबपाणी शिंपडलं होतं, गाडी नुकतीच बर्फात शिरली होती, मिस्त्री "डायवर येडा हाय" म्हणत होता. जिन्यावर बूट वाजले. इन्स्पेक्टर साहेब, दोन शिपाई, आणि कागदांची पिशवी घेऊन मी. माझं काम मलाच करायचं होतं.

चाचा उठले. पुढं होऊन त्यांनी साहेबांचा हात धरला. "आइए. रस्ता ठीक होता ना?"

साहेबांनी हात सोडवून घेतला आणि परातीकडं बोट केलं. शिपायाच्या विजेरीच्या उजेडात बाटल्या एकेक करून उघडल्या गेल्या. साहेबांनी पहिली हुंगली. दुसरी हुंगली. तिसरीतलं बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं वकीलसाहेबांच्या हातातला गिलास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"साहेब," तो मिशी पुसत म्हणाला, "सरबत हाय. झकास हाय!"

 मग जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या पडद्याआडून चाचीचा आवाज आला. दीड वर्षात मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

"पहली बाटली जामुन का सिरका. दूसरी में अद्रक, काली मिर्च, लवंग. वो मट्टी के रंग का इमली का पानी, जला हुआ जीरा डाल के. सुबह से चूल्हे के सामने बैठती मैं, हर जुमेरात, नौ बरस. उनो जिंदगी में एक बूँद नहीं चक्खे. और ये सारा गाँव शराबी बोलता उनको, शराबी!"

"बस करो," चाचा हळूच म्हणाले.

मला आजही वाटतं, त्या बाटल्यांत दारू निघाली असती तर बरं झालं असतं. वकीलसाहेब केस लढले असते, दंड भरून सगळे सुटले असते आणि पुढच्या गुरुवारी त्याच गोष्टीवर हसले असते. पण निघालं ते चिंचेचं पाणी. इन्स्पेक्टर साहेब स्वतः ओशाळले. तरी कागद पुरा करायला हवा होता.

"काही मिळालं नाही, तेही लिहायला लागतं," ते म्हणाले. "पंच म्हणून इथल्याच दोघा प्रतिष्ठितांच्या सह्या घेऊ. वकीलसाहेब, तुम्ही आणि हे पुजारीबुवा."

मी लिहिलं: सदर बाटल्यांतील द्रवाची तपासणी केली असता त्यात मद्याचा अंश आढळून आला नाही. माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं. वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला, एका जागी राहिलेला अनुस्वार दाखवला आणि सही केली. त्यांचे डोळे अगदी कोरडे होते. नऊ वर्षं आपण शुद्धीवर राहून रडलो, यावर त्यांनी सही केली होती. पुजारीबुवांनी सही करताना चित्राच्या चादरीकडं पाठ केली.

मिस्त्रीला काहीतरी बोलायचं होतं. तो चाचांजवळ गेला. "च," तो म्हणाला. "च... च..." आणि पुढं जाईना. मानेच्या शिरा ताठ झाल्या. चाचा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, जणू हातात धरलेली वस्तू निसटून फुटली. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला.

उतरताना साहेब चाचांना म्हणाले, "माफ करा. आमच्या कारकुनानं प्रामाणिकपणे कबुली दिली, म्हणून यावं लागलं." माझ्या बाजूनं दोन चांगले शब्द बोलावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. चौघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीचा बंद बांधत होतो.

त्या मजुराचं काय झालं हेही सांगतो. त्याला शिक्षा झाली. माझ्या खरेपणाचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

गावात दुसऱ्याच दिवशी बातमी पसरली. पडदेवाले आयुष्यात कधी प्याले नाहीत, हे आता सरकारी कागदावर होतं. ज्या बुजुर्गांनी सलाम सोडला होता ते दर्ग्यापाशी थांबून त्यांना आधी सलाम करू लागले. चाचांची अब्रू वाढत गेली आणि माळवद ओस पडलं. वकीलसाहेब समोरच राहायचे, पण ते गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं कोर्टात जाऊ लागले. कसे येणार होते? दारूच्या नावावर माणूस काय वाटेल ते बोलून जातो आणि सकाळी ते दारूवर टाकून मोकळा होतो. आता टाकायला जागा उरली नव्हती.

मी स्वतः बदली मागून घेतली. जायच्या आधीचा गुरुवार आला. खिडकीतून पाहिलं तर चादर बांधलेली होती. मी वर गेलो.

"रस्ता ठीक होता ना?" चाचांनी विचारलं. नेहमीसारखे दोन्ही हात पुढं.

परातीत पाचही गिलास मांडलेले होते. बॅटरी नव्हती. मी काही बोलायच्या आत ते यंत्राशी जाऊन बसले आणि दिव्याशिवायच दांडा फिरवू लागले. करकर सुरू झाली. चादर ओली होती, रिकामी होती, तिच्यामागं संध्याकाळचा उजेड कमी होत होता.

"बर्फ आया," चाचा म्हणाले. थोड्या वेळानं, "पूल आला." मग, "खिडकी." मी बघत राहिलो. बाई दिसली. तीळ दिसला. तिनं हात हलवला.

"चाचा, मी तुमचं फार वाईट केलं."

"तुम सच बोले. सच का गुस्सा कैसे करूँ?" दांडा फिरतच होता. "एक बताओ, मुन्शीजी. तेव्हा, त्या दिवसांत, चढत होती ना?"

"चढत होती, चाचा. खरंच चढत होती."

"मग पंचनामा झूटा आहे," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो. त्यांनी उठून माझ्यासाठी तेर केलं. धार खांद्याच्या उंचीवरून, गिलास जराही न हलता. मी सावकाश प्यायलो. चिंच होती, जिरं होतं, शेवटी आल्याचा झणका होता. एकेक वेगळं कळत होतं.

ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. लहान मूल बघतं तसे.

"आता?"

तेव्हा एक शब्द खोटा बोलायचा होता. एकच. त्यानं कुणाचंही नुकसान होणार नव्हतं. पण मी नुकताच खऱ्याची माफी मागून मोकळा झालो होतो, मला वाटलं आता यांच्याशी तरी खोटं बोलू नये.

"आता नाही, चाचा."

त्यांनी मान हलवली. "हौ," म्हणाले. "सच्चे आदमी." मग ते चादरीपाशी गेले, गाठी सोडल्या आणि ती ओलीच घडी करून काखेत घेतली. जिन्यापर्यंत मला सोडायला आले. त्या दिवशी उलटं रीळ फिरलं नाही.

पुढं सात-आठ वर्षांनी मी सोलापूरहून हैदराबादला निघालो होतो. नळदुर्गला एसटी थांबली. एका टपरीवर चहा घेत असताना समोर मालमोटारीखालून दोन पाय बाहेर आले, मग माणूस. मिस्त्री होता. केस पिकले होते. त्यानं मला ओळखलं, हात तेलकट म्हणून कोपर पुढं केलं. चाचा गेल्याची बातमी मला त्याच्याकडूनच कळली. दोन वर्षं झाली होती. "चा-चाची हैदराबादला, भा-भावाकडं." हे सांगायला त्याला बराच वेळ लागला. मी खाली बघत उभा राहिलो.

"शेवटी एकटेच होते का रे?"

त्यानं जोरात नकारार्थी मान हलवली. हातांनी मांडीवर काहीतरी जड धरल्याची खूण केली. बॅटरी. मग चार बोटं दाखवली, महिन्याच्या चार गुरुवारांची, आणि ती पुन्हापुन्हा हलवली. तो जातच राहिला होता. मधे काही गुरुवार चुकले तेवढेच. नंतर एकही नाही. दोघंच माळवदावर बसायचे. गाडी, बाई, बर्फ.

"आणि गिलास?" मी विचारलं.

तो हसला.

माझ्या गाडीनं भोंगा दिला. जायला हवं होतं. पण मी कारकून माणूस. मी त्याची बाही धरली आणि विचारलंच. "खरं सांग मिस्त्री. सगळं कळल्यावरसुद्धा तुला चढायची?"

मिस्त्रीनं माझा हात बाहीवरून हळूच काढला. तेलकट बोट ओठांवर ठेवलं.

"पूछो नको, मुन्शीजी," तो म्हणाला. "पूछे तो उतर जाती."

एकही अक्षर अडलं नाही.